नगरसेवक हवेतच, दादा

"प्रशासक होता तेच बरं होतं. आता पुन्हा टक्केवारी सुरू."

२१ डिसेंबर २०२५ ला नगरपालिकांचे निकाल लागले त्या रात्री दादाचा फोन आला आणि पहिलं वाक्य हे. आमच्या प्रभागातून कोण आलं, नगराध्यक्ष कोण झालं, हे सगळं नंतर. मग त्याचं ठरलेलं दुसरं वाक्य: "तुला नाही कळायचं. तुमच्याकडं सगळं आपोआप होतं."

हे 'आपोआप' मी अकरा वर्षं ऐकतेय. कृष्णाकाठच्या आमच्या छोट्या गावातून जर्मनीत आले तेव्हापासून. कचरा आपोआप उचलला जातो, बस आपोआप वेळेवर येते, लोक आपोआप शिस्तीत वागतात. आणि आपल्याकडं काय करायचं, तर एक कडक अधिकारी आणून बसवायचा, म्हणजे झालं. दादा एकटाच असं बोलत नाही. माझ्या शाळेच्या मैत्रिणी हेच म्हणतात, पुण्यातले चुलतभाऊ हेच म्हणतात. शिकलेले लोक जास्त जोरात म्हणतात. त्या रात्री मी दादाशी भांडले आणि अजून ते डोक्यातून जात नाही.

मी राहते ते ट्युबिंगेन नव्वद हजार वस्तीचं. नेकार नदीच्या काठचं विद्यापीठाचं गाव. बाजारचौकात नगरपालिकेची इमारत आहे, १४३५ साली बांधलेली, कपाळावर १५११ सालचं खगोलीय घड्याळ. आत ४० नगरसेवक बसतात. बाबा आमच्या नगरपालिकेत वसुली विभागात होते, त्यामुळे मी जिथं जाईन तिथली नगरपालिका आधी बघते. लोक किल्ले बघतात, मी घरपट्टी कशी आकारतात ते विचारते.

तर या ४० जणांनी अलीकडच्या काळात काय केलं ते दादाला मी फोनवर सांगत होते, त्यानं मध्येच तोडलं, म्हणून इथं सांगते.

१ जानेवारी २०२२ पासून इथं एकदा वापरून टाकायच्या पेल्यावर आणि ताटलीवर ५० सेंट, चमच्या-काट्यावर २० सेंट कर लागतो. विकणाऱ्यानं तो नगरपालिकेत भरायचा. मॅकडोनाल्ड्सची इथली शाखा चालवणारी व्यक्ती कोर्टात गेली. मानहाइमच्या न्यायालयात नगरपालिका हरली. गावानं माघार घेतली नाही, वरच्या न्यायालयात गेली, तिथं २०२३ मध्ये बहुतांशी जिंकली, आणि जानेवारी २०२५ मध्ये देशाच्या घटना न्यायालयाचा निकाल जाहीर झाला: असा कर बसवायचा अधिकार गावाला आहे. आता दुसरी शहरंही त्या वाटेनं निघालीत, कॉन्स्टान्त्सनं २०२५ मध्ये सुरूही केला. कचऱ्याच्या पेट्यांमधलं वजन यानं किती घटलं यावर इथं अजून वाद आहे, तो मी लपवत नाही. पण नव्वद हजारांच्या गावाची नगरपालिका आपला ठराव घेऊन देशाच्या सर्वोच्च पायरीपर्यंत जाते, हे मला फार मोठं वाटतं. बदली होऊन आलेला अधिकारी असं लढेल का? तो तीन वर्षांत पुढच्या गावाला जाणार असतो. ज्याला त्याच गावात म्हातारं व्हायचंय तोच लढतो.

दादाचं यावरचं उत्तर ठरलेलं असतं. तुमचा महापौर चांगला आहे म्हणून झालं.

महापौर बोरिस पाल्मर २००७ पासून आहेत, कामाला वाघ आहेत, आणि वादग्रस्तही आहेत. आपल्या बोलण्यामुळे २०२३ मध्ये त्यांना ग्रीन पक्ष सोडावा लागला. पण त्यांच्या मनासारखं सगळं होतं असं नाही, हेच तर मला दादाला सांगायचं होतं. रहिवाशांच्या पार्किंगच्या वार्षिक शुल्काचं घ्या. तीसेक युरो होतं. पाल्मरना ते पुष्कळ वाढवायचं होतं. सभागृहात घासाघीस होऊन २०२१ मध्ये ते १२० वर आलं, जड गाड्यांना १८०. नगरसेवकांनी आकडा खाली ओढला. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला गावातून ट्राम न्यायची की नाही यावर लोकांचं मत घेतलं. महापौर ट्रामच्या बाजूनं, वर्षानुवर्षांचे आराखडे तयार, आणि ५७ टक्क्यांहून जास्त लोकांनी नको म्हणून सांगितलं. विषय संपला. मला स्वतःला ट्राम हवी होती. अजून दवाखान्यांच्या टेकडीवर जाणाऱ्या गच्च बसमध्ये लटकताना मला त्या ५७ टक्क्यांचा राग येतो. तरी मला हे चालतं. गावाला विचारलं, गाव नको म्हणालं.

आणि 'आपोआप' म्हणाल तर बर्फ पडला की घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ कामावर जायच्या आधी आम्हीच काढतो. कुणी घसरून पाय मोडला तर जबाबदार आम्ही. आग लागली तर येतात ते अग्निशमनवाले बहुतेक स्वयंसेवक असतात. एक लाखावर वस्ती असेल तरच पूर्ण पगारी दल ठेवायची सक्ती आहे, ट्युबिंगेन त्याच्या आत बसतं. माझ्या खालच्या मजल्यावरचा सुतार त्या दलात आहे. मुलीच्या वाढदिवसाला केक कापताना त्याचा पेजर वाजला आणि तो तसाच पळाला, रात्री अकराला काजळी घेऊन परत आला. यात आपोआप काय आहे? आमच्या गावात गणपतीत रात्रभर जागणारी, पुरात होडी घेऊन जाणारी पोरं आहेतच की. २०१९ च्या पुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठी किती माणसं अशीच पोरांनी बाहेर काढली. त्या पोरांना वर्षभर नगरपालिकेशी बांधून ठेवणारं काही आपण उभं केलं नाही, एवढंच मला म्हणायचंय. आपल्या लोकांना शिस्त नाही असं दादा म्हणतो तेव्हा मला ही पोरं आठवतात आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

आता आमच्याकडचं. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपायला लागली. ७४ वी घटनादुरुस्ती म्हणते की मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, कोर्टाच्या तारखा, यात निवडणुका लांबत गेल्या. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या घ्यायला सांगितलं आणि २४६ नगरपरिषदा नि ४२ नगरपंचायतींची निवडणूक लागली, बहुतेक ठिकाणी २ डिसेंबरला मतदान झालं. म्हणजे चार वर्षं गावांना सभागृह नव्हतं, सगळा कारभार सरकारनं नेमलेल्या प्रशासकाकडं. ठराव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच, बिल काढणारा तोच. इथं चार महिने सभागृह बंद ठेवून बघा, बाजारचौक भरून जाईल. आपल्याकडं चार वर्षं गेली आणि लोक म्हणतात, बरं होतं.

दादा म्हणतो, वेंगुर्ला बघ. बघितलंय. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना वेंगुर्ल्यानं घराघरातून कचरा वेगवेगळा करून घेतला, ओल्याचा बायोगॅस केला, प्लास्टिक रस्त्यात घातलं आणि जिथं नाक धरून जावं लागायचं त्या कचरा डेपोचं लोक बघायला येतात असं ठिकाण केलं. त्यांना माझा मनापासून नमस्कार आहे. पण तेव्हा वेंगुर्ल्यात नगरसेवक होते. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या गावांत कऱ्हाड देशात पहिलं आलं, २०२१ मध्ये विटा पहिलं, लोणावळा दुसरं, सासवड तिसरं. तिन्ही आपली, आणि तेव्हाही सभागृहं शाबूत होती. यावर दादा २०२३ चं सासवड पुढं करतो: तेव्हा प्रशासक होता आणि सासवड देशात पहिलं आलं. आलं, कबूल. पण ओला-सुका वेगळा द्यायची बायकांच्या हाताला लागलेली सवय त्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती लावायला त्या त्या आळीतला ओळखीचा माणूस दारात उभा राहिला होता. घंटागाडीवर गाणं लावून सवय लागत नाही.

परदेशात अधिकारी देवमाणसं असतात असंही माझं म्हणणं नाही. ट्युबिंगेनच्या आधी मी एका मोठ्या शहरात होते. तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयानं मला परवान्याच्या नूतनीकरणाची टेरमीन, म्हणजे भेटीची वेळ, पाच महिने दिली नाही. मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत. जुना परवाना संपला, हातात फक्त एक कागद, आणि त्याच काळात बाबा अतिदक्षता विभागात होते. विमानात बसले तर परत येता येईल की नाही हे कुणी सांगेना. मी गेले नाही. ते तेव्हा वाचले, नंतर २०२३ मध्ये गेले. त्या कार्यालयात माझ्यासाठी बोलायला मी कुणाकडं जाणार होते? माझं मत नव्हतं, म्हणून माझा नगरसेवक नव्हता.

आणि बाबा गेल्यावर काय झालं ते दादालाच आठवत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर त्यांच्या वडलांचं नाव चुकलं होतं. पेन्शन अडली, बँक अडली. दादा दीड महिना हेलपाटे घालत होता. आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर नाही, परवा प्रतिज्ञापत्र आणा. चाळीस वर्षं ज्या नगरपालिकेत बाबांनी वसुलीच्या पावत्या फाडल्या तिथल्या खिडकीवर त्यांचं नाव कुणी ओळखेना. शेवटी दादा सकाळी सात वाजता आपल्या प्रभागातल्या माजी नगरसेवकाच्या घरी गेला. तो दात घासत होता. तसाच टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला, म्हणाला, अण्णांचं काम, चला. दुपारी दाखला हातात.

"दादा, तू कुणाकडं गेलास?" मी त्या रात्री विचारलं. "प्रशासकाकडं गेलास का?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "तो एक चांगला आहे गं. बाकीचे बघ." मग बाकीच्यांना बघायला तूच जा, मी म्हटलं. पहिली सर्वसाधारण सभा होईल तेव्हा जाऊन बस. विषयपत्रिका माग. रस्त्याच्या कामाची मापं विचार. टक्केवारी खाणाऱ्याला सगळ्यांत जास्त भीती मागच्या बाकावर वही घेऊन बसलेल्या माणसाची असते, हे बाबाच सांगायचे.

"तू जातेस का तिकडच्या सभेला?" त्यानं विचारलं.

एकदा गेले होते. शेजारणीच्या सोबत. इथं सभेत रहिवाशांना प्रश्न विचारता येतात, नागरिकत्व लागत नाही. बालवाडीसमोरच्या रस्त्यावर गाड्या जोरात जातात, तिथं काही करा, एवढाच माझा प्रश्न होता. कागदावर जर्मनमध्ये लिहून नेला होता, दहादा वाचला होता. विचारला नाही. या गावाला मी प्रश्न विचारावा इतकी मी इथली आहे का, हे माझं मलाच ठरवता आलं नाही. शेजारणीला वाटलं भाषेमुळे. मी तसंच वाटू दिलं.

जून २०२४ मध्ये इथल्या नगरसेवकांची निवडणूक झाली. मतपत्रिका आधीच घरी येतात. वरच्या मजल्यावरच्या आजींनी त्या स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरल्या. ४० मतं, एकाला जास्तीत जास्त तीन, कुठल्याही यादीतल्या कुणालाही. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मी नावं वाचत होते. ही बालवाडीच्या पालक समितीत असते, कामाची आहे. हा फक्त फोटोपुरता येतो. आजींनी माझं ऐकून पाच-सहा मतं फिरवली. माझ्या ऑफिसातला इटालियन मुलगा दोन वर्षांपूर्वी आला, युरोपीय म्हणून त्यानंही मत दिलं. माझं मत नाही. त्याच महिन्यात इथला कायदा बदलला, आता पाच वर्षांत नागरिकत्व मिळतं, जुनं सोडायची जर्मनीची सक्तीही राहिली नाही. पण भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. माझा अर्ज भरून तयार आहे, भाषेची परीक्षा झाली आहे, पगाराच्या पावत्या जोडल्या आहेत. दीड वर्ष तो टेबलाच्या खणात आहे. नवरा आता विचारतही नाही.

हे दादाला मी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मागं वहिनी भांडी आवरत होती त्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, थांब, तुला एक पाठवतो.

आमच्या प्रभागाच्या मतदार यादीचा फोटो होता. आमच्या घराचा क्रमांक, त्याखाली आई, दादा, वहिनी. बाबांचं नाव अजून तसंच आहे, आणि त्यांच्या खाली माझं, लग्नाआधीचं, अठरा वर्षांची असताना स्टुडिओत काढलेल्या फोटोसह. आईनं यंदा मत दिलं, रिक्षा करून गेली. दादा वहिनी गेले. त्या घरातली दोन मतं राहिली.

"पुढच्या वेळी कमी करून घेऊ का नाव?" दादानं लिहिलं होतं. "बाबांचं तर करायचंच आहे. तुझं विचारून करतो."

मी अजून उत्तर दिलेलं नाही.