मालेराव रथाखाली मेला नाही

नातू चौथीत आहे. अहिल्योत्सवाचं भाषण पाठ करता करता मधेच थांबला आणि पेन्सिल चावत म्हणाला, "आजी, बाबाच्या गाडीखाली कुत्र्याचं पिल्लू आलं, तर तू बाबाला मारशील?" भाषण त्याच्या मावशीनं लिहून दिलेलं, मावशीनं ते व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेलं. तोच मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा मी नुसता वर सरकवला. चूक माझीच.

मेसेज असा. राणी अहिल्याबाईंच्या राज्यात मुलाच्या, मालेरावाच्या, रथाखाली वासरू मेलं. बाईंनी सुनेला विचारलं, आईदेखत लेकराला मारणाऱ्याला काय शिक्षा द्यावी? सून म्हणाली, मृत्युदंड. मग बाईंनी पोटच्या पोराला हातपाय बांधून रस्त्यावर टाकलं आणि स्वतः रथ हाकून चिरडलं. खाली पुरवणी: तेव्हा त्या वासराची आई रथापुढे आडवी आली, म्हणून इंदूरच्या राजवाड्याजवळचा तो आडा बाजार. शेवटी "अशी असते न्यायप्रिय माता, पुढे पाठवा."

अहो, गाय आडवी आली तर चिरडला कसा? आणि चिरडला, तर गाय आली कशाला होती? एकाच मेसेजात मुलगा मेलाही आणि वाचलाही. ग्रुपवर कुणाला खटकलं नाही, हात मात्र सगळ्यांनी जोडले. आणि आडव्या गल्लीला आडा म्हणायला माळव्यात गाय कशाला लागते?

सनावळी बघा. बाईंचे सासरे मल्हारराव होळकर १७६६ च्या मे महिन्यात गेले. तोवर सुभेदार ते, न्यायनिवाडाही त्यांचाच. मग गादी नातवाला, म्हणजे मालेरावाला, मिळाली आणि वर्षाच्या आत, १७६७ मध्ये, तोही गेला. बाईंच्या हाती कारभार आला तो त्यानंतर. म्हणजे बाई राज्य करत होत्या तेव्हा मालेराव जिवंत नव्हता, आणि मालेराव गादीवर होता तेव्हा धनी तोच होता. हा रथ हाकायचा कोणत्या साली?

गोष्ट मुळात इकडची नाहीच. श्रीलंकेचा महावंस हा पाली ग्रंथ पाचव्या-सहाव्या शतकातला. त्यात एळार राजाची हीच कथा आहे: राजपुत्राच्या रथाखाली वासरू मरतं, गाय राजाची घंटा वाजवते, राजा त्याच चाकाखाली मुलाचा जीव घेतो. तमिळनाडूत हीच कथा मनुनीती चोळ राजाच्या नावावर आहे. मद्रास हायकोर्टाच्या आवारात त्याचा पुतळाही आहे. आपण नुसती नावं बदलली.

मग मालेराव गेला कशानं? जॉन मॅल्कम या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याचं माळव्यावरचं पुस्तक १८२३ मध्ये लंडनला निघालं. हा काही होळकरांचा भाट नव्हे. १८१७ मध्ये महिदपूरला होळकरी फौज मोडणाऱ्यांतला हा एक. बाई जाऊन तेव्हा पंचवीसच वर्षं होत आलेली, त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. ऐकीव गोष्टीही त्यानं लिहिल्या आहेत, कबूल. पण बाईंनी मुलाला मारल्याची कुजबूज त्याच्याही कानावर आली होती आणि ती त्यानं खोटी ठरवली आहे.

आता नाइलाजानं एक मान्य करते: मालेराव काही गुणाचं पोर नव्हता. दानाच्या कपड्यांत, जोड्यांत विंचू ठेवायचे आणि दान घेणाऱ्या ब्राह्मणाला डसला की हसायचं, असले त्याचे खेळ. ते पाहून आई रडत बसायची. मॅल्कमच्या सांगण्यानुसार पुढे त्यानं संशयावरून एका भरतकाम करणाऱ्या कारागिराचा जीव घेतला. कारागीर निर्दोष निघाला आणि मालेरावाचं डोकं फिरलं. त्या कारागिराच्या भुतानं धरलंय असं लोक म्हणू लागले. बाई रात्रंदिवस त्याच्या बिछान्याशी बसून भुताची विनवणी करत होत्या: तुझं देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना इनाम देते, माझ्या लेकराला सोड. भुताचं सोडा. वेड्या मुलाच्या उशाशी बसलेली ती बाई बघा, आणि मेसेजातली रथ हाकणारी बघा.

तीच बाई १७९१ मध्ये पुन्हा दिसते. जावई गेला, मुलगी मुक्ताबाई सती निघाली. बाईंनी पायाशी बसून विनवलं, तिनं ऐकलं नाही. चितेजवळ दोघा ब्राह्मणांनी बाईंचे दंड धरून ठेवले होते. हात सुटेनात म्हणून त्या स्वतःचेच हात चावत होत्या, असं मॅल्कम लिहितो. नंतर तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. नवरा कुंभेरीला तोफेच्या गोळ्यानं गेलेला, मुलगा गेलेला, नातूही गेलेला. अशा बाईला आपण शाबासकी कशाची देतो, तर पोर चिरडल्याची!

बाकीचे मुद्दे पटापट. इंदूरच्या राजवाड्यातून राज्य केलं? नाही, महेश्वरहून. काशी विश्वनाथाचं देऊळ बांधलं? हो, १७८० मध्ये, पण "सरकारी खजिन्यातून" हे चूक. दानधर्माला खासगीचं, म्हणजे बाईंच्या स्वतःच्या मालकीचं, उत्पन्न वेगळं होतं. राघोबादादावर चालून गेल्या? अर्धं खरं. हत्तीच्या अंबारीला धनुष्यं-भाते बांधून तयारी पक्की केली होती, पण माधवराव पेशव्यांनी काकांना आवरलं आणि लढाई झालीच नाही.

नातवाचं भाषण आम्ही नव्यानं लिहिलंय. रथ काढला. विंचू मात्र त्याला इतके आवडलेत की ते काढू देत नाही. शाळेतल्या बाईंनी विचारलं तर आजीचा नंबर द्यायला सांगितलंय.