विटा मोजल्या, माणसं राहिली

मागच्या पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे भांडण झालं त्याला कारण मीच होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. मी राहतो बर्कनहेडला, म्हणजे लिव्हरपूलच्या समोर, मधे फक्त मर्सी नदी. आणि रत्नागिरीकडचा माझा एक वर्गमित्र आहे, त्याचे पणजोबा बोटीवर आगवाला होते, बॉयलरच्या भट्टीत कोळसा मारायचं काम, आणि "सन बेचाळीसात बोट बुडाली" एवढीच माहिती त्यांच्या घरात आहे. बोटीचं नाव नाही, तारीख नाही, समुद्र कुठला तेही नाही. त्याची आई मला फोनवर म्हणाली, तू तिकडेच आहेस ना रे, मग जरा बघ की, आणि मी जो बघायला लागलो तो अजून बघतोच आहे.

तर मी ग्रुपवर एवढंच टाकलं की कोणाच्या घरातलं कोणी महायुद्धात बोटीवर होतं का, जुने कागद असतील तर फोटो पाठवा. पहिलाच रिप्लाय आला की ते ब्रिटिशांचे पगारी नोकर, आजच्या दिवशी त्यांचं काय काढतोस. त्यावर दुसरा पेटला की पगारी काय पगारी, आपल्या लोकांच्या जिवावर युद्ध जिंकले हे गोरे, आधी माफी मागू दे, भरपाई देऊ दे. मग नेताजी आले, मग गांधीजी आले, मग नेहरू येणारच होते. रात्रीपर्यंत दीडशे मेसेज. कागद एकही नाही.

पगारी नोकर होते हे खरंच आहे, नाही कशाला म्हणू. फक्त तो पगार किती होता तेही बघायला हवं. त्याच बोटीवरच्या गोऱ्या खलाशाला जे मिळायचं त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा, आणि झोपायला जागाही कमी. १९३९ ला युद्ध सुरू झालं तेव्हा याच लोकांनी लंडन, लिव्हरपूल, ग्लासगोच्या बंदरांत संप केले, पगार वाढवा नाहीतर बोट हलणार नाही म्हणून, आणि शेकडो जण त्यासाठी तुरुंगात गेले. ऐन युद्धात, साहेबाच्या देशात, साहेबाच्या तुरुंगात. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत 'तलवार' या किनाऱ्यावरच्या तळावरून नौदलाचा उठाव झाला त्याचं कुलाब्याला स्मारक आहे, आणि असायलाच हवं, पण त्या उठावातले कितीतरी नाविक आदल्या वर्षीपर्यंत त्याच साहेबाच्या बोटींवर लढत होते की. फेब्रुवारीत देशभक्त आणि आदल्या ऑगस्टपर्यंत भाडोत्री, अशी रेघ कुठे मारायची बुवा?

आणि नेताजींचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, जी मला स्वतःला पचायला वेळ लागला. 'तिलावा' नावाची ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट होती, म्हणजे आपल्या जुन्या लोकांच्या भाषेत बीआयची बोट. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून आफ्रिकेला निघाली, मोंबासा आणि पुढे दरबान. बोटीवर ९५८ माणसं, त्यात ७३२ उतारू, बहुतेक आपलीच, व्यापाराला किंवा घरच्या माणसांकडे निघालेली, आणि २२२ खलाशी. तिसऱ्या दिवशी रात्री सेशेल्सच्या ईशान्येला भर समुद्रात एका जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. गोंधळात लोक होड्यांत उतरले, मग बोट लगेच बुडत नाही बघून काही जण परत चढायला लागले, आणि तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो बसला. २८० माणसं गेली. ६७८ वाचली, त्यातल्या बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेने उचलून मुंबईला परत आणलं.

ती पाणबुडी होती आय-२९. आता पाच महिने पुढे या. एप्रिल १९४३, मादागास्करजवळचा खवळलेला समुद्र, आणि सुभाषबाबू यू-१८० या जर्मन पाणबुडीवरून रबरी होडीत बसून जपानी पाणबुडीवर जातात. आपण सगळ्यांनी शाळेत हा प्रसंग ऐकलाय, अंगावर काटा येतो. ती जपानी पाणबुडी कोणती? आय-२९. कप्तानसुद्धा तोच, इझु.

मी हे ग्रुपवर टाकलं तर एकदम शांतता. मग एकाने लिहिलं, तुला म्हणायचंय काय? मला काहीच म्हणायचं नव्हतं! नेताजींना कमी लेखायचं तर अजिबात नव्हतं, ती पाणबुडी पाच महिन्यांपूर्वी काय करून आली हे त्यांना कोण सांगणार होतं. माझं म्हणणं एवढंच की समुद्रावरचं युद्ध असं आहे, त्यात आपली माणसं वरही आहेत आणि खालीही आहेत, तिथे ग्रुपवरचे दोन गट पुरत नाहीत.

'तिलावा'ची गोष्ट तिथे संपत नाही. बोटीत चांदी होती, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडायला विकत घेतलेली, २,३६४ विटा. २०१७ मध्ये एका कंपनीने अडीच किलोमीटर खोल समुद्रातून ती वर काढली, जहाजाने इंग्लंडला साउदॅम्प्टनला आणली, आणि मग चांदी वर काढल्याच्या मोबदल्यावरून केस झाली जी थेट इथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, निकाल लागला २०२४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने. मी तो निकाल वाचायचा प्रयत्न केला, निम्मा कळला. पण विटांचा हिशोब एकनएक आहे त्यात. पंच्याहत्तर वर्षं समुद्राच्या तळाशी असलेल्या विटेचा हिशोब लागतो, आणि माझ्या मित्राच्या पणजोबांची बोट कुठली ते लागत नाही.

इथे राहून माझं मत असं झालंय की इंग्रजांनी रेकॉर्ड ठेवलं ते प्रेमापोटी नाही, ठेवलं कारण पगार द्यायचा होता, कापायचा होता, विमा होता. हिशोबी जात. पण ठेवलं, आणि ते कोणालाही बघता येतं. लंडनला क्यू इथे नॅशनल आर्काइव्ह्ज आहे, ओळखीचा पुरावा दाखवून रीडर्स तिकीट फुकट काढायचं, आणि युद्धकाळातल्या व्यापारी जहाजांच्या खलाशी याद्या बीटी ३८१ या मालिकेत आहेत त्या मागवायच्या. अडचण अशी की तिथे माणसाच्या नावावरून शोधताच येत नाही. आधी बोटीचं नाव पाहिजे, त्यावरून बोटीचा ऑफिशियल नंबर, म्हणजे नोंदणीचा आकडा, त्यावरून कागदांचा खोका. आणि यादी सापडली तरी आपली नावं म्हणजे नुसता इब्राहिम, नुसता हसन, बापाचं नाव असेल तर नशीब, सहीच्या जागी अंगठा, आणि गावाचं नाव साहेबाला जसं ऐकू आलं तसं. एका गावाच्या नावापाशी मी अर्धा तास बसलो, मग मोठ्याने म्हणून बघितलं तेव्हा कळलं, अरे हे तर सैतवडे. शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

हे असे दिवस असतात की एका यादीत ओळीने सात-आठ माणसं एकाच पंचक्रोशीतली निघतात. कारण सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, भरती करायचा तो आपल्याच गावची, आपल्याच नात्यातली माणसं घेऊन यायचा, त्याच्या हाताखालचा तांडेल त्याचा मेहुणा, आगवाले त्याच्या वाडीतले. घरच्या माणसांना बरं वाटायचं, आपला पोरगा ओळखीच्यांत आहे. आणि टॉर्पेडो बऱ्याचदा बसायचा तो इंजिनरूमच्या बाजूला. एका रात्रीत एका वाडीतल्या किती बायका विधवा झाल्या हे ती यादी बघून कळतं, आणि त्या बायकांना मात्र ते कधी तारखेनिशी कळलंच नसेल.

इथल्या लोकांचंही सगळं छान आहे असं नाही हां. लंडनला टॉवर हिलला मर्चंट नेव्हीचं स्मारक आहे, दुसऱ्या महायुद्धातली जवळपास २४,००० नावं, बोटींप्रमाणे लावलेली. मी पोरांना घेऊन गेलो आणि 'सिटी ऑफ बनारस' शोधली. ही बोट इथल्या पुष्कळ लोकांना माहीत असते, कारण १७ सप्टेंबर १९४० ला ती बुडाली तेव्हा तिच्यावर बॉम्बवर्षावापासून वाचवून कॅनडाला पाठवलेली ९० मुलं होती आणि त्यातली ७७ गेली. एक होडी आठ दिवस अटलांटिकमध्ये तरंगत राहिली, तिच्यात सहा मुलगे जिवंत सापडले, त्यांची गोष्ट सगळे सांगतात. त्या होडीत एकूण ४६ जण होते आणि तीसेक जण आपले खलाशी होते, हे कोणी सांगत नाही, सांगितलं तर "लॅस्कर" एवढा एकच शब्द, गोऱ्यांच्या बोटींवरच्या आपल्याकडच्या खलाशांना म्हणायचे तो. आणि त्या बोटीवर मेलेल्या आपल्या खलाशांची नावं टॉवर हिलच्या पत्र्यावर नाहीतच. धाकटीने विचारलं, बाबा आपली लोकं कुठेयत? मी म्हटलं, मुंबईला.

खरंच मुंबईला. मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे तिथे, नावांच्या वहीत, आणि त्याच वहीची जोडीची प्रत चितगावला. अखंड हिंदुस्थानचे सहा हजारांहून जास्त व्यापारी खलाशी आणि नौदलाचे जवळपास चारशे. ग्रुपवरचे निम्मे लोक मुंबईत राहतात, व्हीटीच्या पुढचं स्टेशन, आणि एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, इथे येऊन कळलं, तेव्हा मी फार शहाणा आहे असं नाही. आपल्याकडे ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो, १९१९ ला भारतीय कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली म्हणून. बोट कोणाच्या मालकीची ते आपल्याला पाठ आहे. भट्टीपाशी कोण होतं ते नाही.

यावर ग्रुपमधल्या त्या पहिल्या मित्राचं उत्तर ठरलेलं, नावं कोरली की त्यांना हीरो केल्यासारखं होतं. मला हे पटत नाही. जर्मनीत कीलजवळ म्योल्टेनओर्टला मेलेल्या यू-बोटवाल्यांची, म्हणजे जर्मन पाणबुड्यांवरच्या नाविकांची, नावं ब्राँझच्या पाट्यांवर आहेत, एकट्या दुसऱ्या महायुद्धातले तीस हजार. ते ज्यासाठी लढले ते किती वाईट होतं हे जर्मन शाळांत स्वच्छ शिकवतात, आणि नावंही ठेवतात, दोन्ही चालू आहे. आपण मात्र आधी निकाल लावायला बसतो, देशभक्त की गुलाम, आणि निकाल लागेपर्यंत फाइल उघडायची नाही. माफी आणि भरपाईवाल्यांनाही मी हेच विचारलं, भरपाई मागाल ती कोणाच्या नावाने मागाल? यादी कुठेय? बरोबरीने दुसराही त्रास आहे, मित्र मुंबईत एका ऑफिसात जुन्या खलाशांची माहिती विचारायला गेला तर त्याला तीन टेबलं फिरवून "एवढं जुनं कशाला पाहिजे, पेन्शन मिळणार आहे का" म्हणून परत पाठवला.

आणि निम्मं रेकॉर्ड लंडनला नाहीच, ते कोकणात आहे, पत्र्याच्या ट्रंकांत. पावती, मनीऑर्डरची कुपनं, एखादा मुंबईहून आलेला कागद. माळ्यावर वाळवी आहे आणि घरं विकली जातायत, नवा मालक ट्रंक उघडून न बघता भंगारात देतो. क्यूचा खोका आणखी शंभर वर्षं तसाच राहील, त्याची मला काळजी नाही.

गेल्या रविवारी मित्राचा फोटो आला. त्याच्या आईने ट्रंक उपसली, कुराणाच्या खाली कापडात गुंडाळलेला एक कागद, घडीवर फाटलेला. नाव अर्धं गेलंय. पण कोपऱ्यात जांभळा शिक्का आहे आणि त्यात सहा आकडे, पाच नीट वाचता येतात, सहावा तीन आहे की आठ ते कळत नाही. बोटीचा ऑफिशियल नंबर असावा. मी दोन्ही खोके मागवलेत, पुढच्या महिन्यातल्या शनिवारी.