रिमॅप म्हणजे अर्धवट काम नव्हे

इंजिन चालवणारा संगणक म्हणजे ईसीयू; कंपनीच्या ईसीयूतली फाइल बदलणं म्हणजे रिमॅप, अन् त्याच्या जागी सगळं आपणच भरायचा वेगळा ईसीयू बसवणं म्हणजे स्टँडअलोन. या दोन्हींवरच्या लेखात रिमॅपला कमी लेखलंय. ‘खरा ताबा हवा तर स्टँडअलोन ईसीयूच बसवा’ हे त्या लेखातलं वाक्य रेस ट्रॅकवरच्या गाडीला ठीक आहे भाऊ, आमच्या चंद्रपूरकडच्या रोजच्या डिझेल गाडीला नाही. इथं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. इंजिन तापलं की डिझेल किती कमी करायचं, हे कंपनीच्या ईसीयूत आधीच भरलेलं असतं. स्टँडअलोनमध्ये कधी किती डिझेल द्यायचं याचा प्रत्येक तक्ता आपणच भरायचा, अन् त्यासाठी लागणारा डायनो, म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र, तालुक्याला कुठून आणायचा?

रिमॅपचा खरा धोका मात्र लेखात आलाच नाही. आमच्या गॅरेजात लॅपटॉपवरून ईसीयूत रिमॅपची फाइल चढत असताना एका पिकअपचा रेडिएटर फॅन सुरू झाला, जुनी बॅटरी बसली आणि ईसीयू अर्ध्यावर बंद पडला. मूळ फाइल आधीच काढून ठेवली होती, म्हणून ईसीयू उघडून ती परत टाकता आली. बॅटरीला चार्जर लावल्याशिवाय लॅपटॉप जोडूच नका, अन् लाइन जायच्या वेळेला तर मुळीच नाही.