कान तयार करण्याचे सोपे उपाय

घरी उत्तम ऐकायचं असेल तर आधी गाणं ऐकणं सोडा. ऐकायचा तो फक्त ‘फरक’.

गाण्याची फाईल ‘हाय-रेझ’च घ्या, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मोजून साठवलेली, 24 बिट, 192 किलोहर्ट्झची. सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झमध्ये 22 किलोहर्ट्झ इतक्या उंच पट्टीपर्यंतचा आवाज मावतो, माणसाला ऐकू येतो फार तर 20 पर्यंत, वय झालं की त्याहून कमी. पण घरात मांजर असतं, तिचा विचार कोण करणार?

मग ती फाईल ब्लूटूथवरून वाजवा. वाटेत ती दाबून लहान केली जाते, हे बोलायचं नाही.

केसरबाई केरकरांच्या जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीची हाय-रेझ प्रत मिळाली तर सोडू नका. सुईची खरखर इतकी स्वच्छ कुठं ऐकायला मिळणार?

आणि पाहुणे बोलवा. हे फार महत्त्वाचं. गेल्या रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या दाजींनी जेवायला म्हणून बोलावलं आणि नव्या डॅकसमोर, म्हणजे फाईलमधल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या डब्यासमोर, बसवलं. आतून मटणाचा वास येतोय, आणि इकडं एकच तान आधी जुन्या डब्यावर, मग नव्या. “जाणवला का फरक?” जाणवला की! दुसऱ्या वेळी आवाज मोठा होता. जरा मोठं वाजलं की कानाला तेच सरस वाटतं, म्हणून तर चाचणी घेणारे आधी दोन्हींची पातळी जुळवतात. मी म्हटलं, जुळवा, मी डोळे झाकतो, तुम्ही बदला. तर म्हणे, “तुझे कान अजून तयार नाहीत.” 2007 साली मेयर आणि मोरान या अभ्यासकांनी अमेरिकेत नेमकं हेच करून बघितलं. हाय-रेझ आवाज मधेच सीडीच्या दर्जावर उतरवायचा आणि ओळखा म्हणायचं. 554 वेळा विचारलं, 276 वेळा बरोबर आलं. म्हणजे छापा-काटा! यावर दाजींनी 2016 चा रीस या संशोधकाचा अभ्यास काढला. काढा की. 18 प्रयोग एकत्र करून बरोबर ओळखल्याचा आकडा आला 52.3 टक्के, आणि ज्यांना आधी भरपूर सराव दिला ते बरेच पुढं गेले. पण तुमचं-आमचं काय? या दोन टक्क्यांसाठी माणूस मोटारसायकलीच्या किमतीचा डबा आणतो? आणि वर त्याला हजारोंची यूएसबी केबल? अहो, तिच्यातून आकडे जातात. एक तर पोचतात, नाही तर आवाज तुटतो, खटखट येते. त्यानं तानपुरा गोड होत नाही!

एक स्पीकर कपाटावर, दुसरा टीव्हीमागं कोपऱ्यात. खाली गुळगुळीत फरशी, समोर काचेची खिडकी, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आणि गणपतीत गल्लीत डॉल्बी लागली की भांडी नाचतात. अशा खोलीत तुम्ही 16 आणि 24 बिटमधला फरक शोधताय? 16 बिटमध्येच अगदी हळू ते अगदी मोठा असा 96 डेसिबलचा पल्ला आहे, तुमच्या पंख्यानं त्यातला तळ कधीच गिळलाय. लाज वाटू द्या जरा. पैसे घालायचेच तर स्पीकरमध्ये घाला. ते दोन्ही एका उंचीवर, भिंतीपासून पुढं ओढून ठेवा, जाड पडदे लावा, खाली सतरंजी टाका. तो फरक डोळे झाकूनही कळतो, आणि त्यासाठी कुणाच्या कानांना नावं ठेवायची गरज पडत नाही. केबल परत घेतात का ते उद्या सकाळी दुकानात जाऊन विचारा.