एकच गणवेश, पण कुणाच्या मापाचा?

'विज्ञानकथेतल्या फौजेत बायका-पुरुषांना एकच गणवेश दिला की प्रश्न मिटला,' हे एका लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. छातीच्या उभारासकट घडवलेलं चिलखत मूर्खपणाचं, हे मान्यच. मधल्या खोबणीतून वार घसरून नेमका छातीच्या हाडावर येणार. पण 'सगळ्यांना एकच' म्हणजे बहुतेक वेळा पुरुषाच्या मापाचं. २०१९च्या मार्चमध्ये नासाचा केवळ महिलांचा पहिला स्पेसवॉक (यानाबाहेर पडून अंतराळात काम करणं) ठरल्या दिवशी झालाच नाही, कारण दोघींना लागणारा सूटचा मध्यम मापाचा धडाचा भाग अंतराळ स्थानकावर एकच तयार होता!

मी उंचावरच्या कामाला सेफ्टी हार्नेस, म्हणजे पडण्यापासून वाचवणारे अंगावरचे पट्टे, घालते. छातीवरचा पट्टा आवळला की गळ्याकडे सरकतो, सैल सोडला तर हार्नेस घालून उपयोग काय? त्यात खाली अंगभर एकसंध कव्हरऑल. लघवीला जायचं तर आधी हातमोजे, मग हार्नेस, मग खांद्यापासून सगळं खाली उतरवा. पडद्यावरच्या अंतराळसैनिक बायका तसलेच चकचकीत सूट घालून दोन-दोन दिवस लढतात, तेव्हा शत्रूपेक्षा मला त्यांची हीच काळजी लागते. चेन तरी कुठे दिसते का त्या सूटला?