मासा गळाला, जीव टांगणीला

'एक दिवस यॉटवर निवांत मासे पकडू' असं म्हणणारा माणूस बहुधा यॉटचा मालक असतो. माझ्या मित्राने हेच आमिष टाकलं आणि मी गळाला लागलो.

डोळ्यांपुढे चित्र असं होतं, की वर पांढरी शिडं, हातात काहीतरी थंडगार, गळ पाण्यात आणि पाय लांब केलेला मी. प्रत्यक्षात पाऊल टाकल्याबरोबर हुकूम सुटले. "बूट काढ. तिथे बसू नकोस. त्या दोरीला हात लावू नकोस. डोकं खाली!" यातला शेवटचा हुकूम जिवाचा होता. शिडाच्या खालचा आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, तो बोट वळली की झपकन या बाजूचा त्या बाजूला जातो. वाटेत कोणाचं डोकं आहे याची तो चौकशी करत नाही.

शिडाची बोट चालते ६ नॉटने, म्हणजे ताशी जेमतेम ११ किलोमीटर. इतक्या चालीत आपण बसल्या जागी नुसते आडवेतिडवे होतो. पण मोठ्या माशांना म्हणे हीच चाल आवडते. रंगीबेरंगी खोटं आमिष बोटीमागे लांब दोरीवर सोडायचं, ते फेस उडवत पळायला लागलं की ट्यूना, माही-माही वगैरे मंडळी भक्ष्य समजून झेप घेतात. याला ट्रोलिंग म्हणतात. (ऑनलाइन चालतं ते वेगळं. तिथे मासे पटापट लागतात.)

आमिषाला दोरी बांधायचं काम माझ्याकडे आलं. दोरी हुकाच्या नेढ्यातून ओवायची, तिचेच तिला पाच-सहा पीळ द्यायचे, टोक मागे आणून फासातून काढायचं, थुंकी लावून गाठ ओली करायची आणि आवळायची. कोरडी आवळली तर घर्षणाने तापून दोरी कमजोर होते. घरात टेबलावर ही गाठ एखादं पोरही मारेल. इथे नेढं वर जायचं तेव्हा मी खाली, मी वर तेव्हा नेढं खाली. मधूनमधून तो हुक माझ्या अंगठ्याची चव घेऊन बघत होता.

त्यातच मान खाली. डोळे सांगतात, हुक हातात आहे, सगळं जागच्या जागी आहे. आतला कान सांगतो, आपण हेलकावतोय. मेंदूला दोघांचंही पटत नाही आणि निकाल पोटावर लागतो. मला बोट लागली.

"क्षितिजाकडे बघ," मित्र म्हणाला, "आणि मनाला लावून घेऊ नकोस. नेल्सनलाही लागायची. एवढा मोठा अ‍ॅडमिरल!"

"अरे, नेल्सन लढाईला जायचा. मी आरामाला आलोय."

"डार्विनचंही तेच. १८३१ ते १८३६, बीगलवर—"

डार्विनचं पुढे काय झालं ते मी ऐकलं नाही. मी कठड्याकडे धावलो. मागून आरोळी आली, "त्या बाजूला नको, तिकडून वारा येतोय!" पोट घशाशी आलेल्या माणसाने आधी वाऱ्याची दिशा बघावी ही अपेक्षा फक्त बोटीचा मालकच करू शकतो.

आणि नेमकं तेव्हाच रीळ किंचाळलं. किर्रर्र करत दोरी सुटायला लागली.

मोटारीला ब्रेक असतो. शिडाच्या बोटीला मासा लागला म्हणून थांबवायचं तर शिडं आवरा, बोट वाऱ्याच्या तोंडाशी आणा, आणि हे सगळं दांड्याखालून वाकून करा. मित्र एका हाताने सुकाणू सांभाळत ओरडत होता, "ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आवळू नकोस! दोरी जेवढ्याला तुटते त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे ताण द्यायचा नाही!" अपूर्णांकांचं गणित मला शाळेत, जमिनीवरसुद्धा जमलेलं नव्हतं. मासा ओढेल तेव्हा सोडायचं, दमला की गुंडाळायचं, एवढं धरून मी बसलो. आम्हा दोघांत आधी कोण दमतंय एवढाच प्रश्न होता.

माही-माही होता. पाण्याबाहेर उसळला तेव्हा हिरवा, सोनेरी, पाठीवर निळा. एवढा देखणा प्राणी इतका संतापलेला मी पाहिला नव्हता. आकड्याने वर घेतला, तर डेकवर त्याने जो धिंगाणा घातला त्यात एक बादली, एक चष्मा आणि माझी नडगी कामी आली.

मित्र खाली जाऊन दारूची बाटली घेऊन आला. मला भरून आलं. म्हटलं, आला, आरामाचा क्षण आला. त्याने बाटली उघडली, माशाचा कल्ला वर केला आणि आत ओतली. लांबच्या सफरी करणारे मासा शांत करायला असंच करतात म्हणे. मासा खरोखरच शांत झाला.

"मला?" मी विचारलं.

"आधी ब्रश घे," मालक म्हणाले. "रक्त वाळलं की डाग निघत नाहीत."