गेल्या हंगामाचा हिशोब कायमचा बुडवण्याचे खात्रीशीर उपाय

वाशीच्या बाजाराला आंब्याच्या पेट्या जायला लागल्या, की देवगड-रत्नागिरीकडच्या बागायतदार गटांमध्ये दरवर्षी एक विधी भक्तिभावाने पार पडतो. गेल्या वर्षीची एक्सेल फाईल उघडायची, तिच्यातले आकडे पुसायचे, त्यांवर यंदाचे भरायचे आणि कंट्रोल-एस मारून चहाला जायचं. यंदा तो आमच्या गटाच्या फाईलवर पार पडला. काम झालं, पण अर्धवट झालं. थोडी धडपड केल्यावर बरेचसे आकडे परत मिळाले, म्हणजे बुडवणाऱ्याला बुडवताही आलं नाही. पुढच्या वेळी अशी हयगय होऊ नये म्हणून हे मार्गदर्शन.

सुरुवातीलाच सांगतो, प्रत काढायची नाही. फाईल उघडल्या उघडल्या 'सेव्ह ॲज' करून नावात नवं साल टाकायला दहा सेकंद लागतात. ऐन हंगामात एवढा वेळ कोणाकडे आहे?

फाईल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन कपाटात असेल तर वर डाव्या कोपऱ्यात 'ऑटोसेव्ह' चालू असतं. ते बिचारं दर काही सेकंदांनी तुमच्या वतीने सेव्ह करत राहतं, त्यामुळे 'मी तर सेव्ह केलंच नाही हो' असं नंतर देवाशप्पथ सांगता येतं आणि ते खरंही असतं. पण इथे एक घात आहे. कोणी आगाऊ माणसाने 'फाईल', 'इन्फो', 'व्हर्जन हिस्टरी' असं दाबलं तर जुन्या आवृत्त्या तारीख-वेळेसकट उजवीकडे हजर होतात. साध्या घरगुती खात्यावरसुद्धा शेवटच्या २५ मिळतात. त्यातली विधीच्या आधीची उघडून वेगळ्या नावाने सेव्ह केली की गेलं सालही परत आणि यंदाचे आकडेही जागेवर. असला अनर्थ नको असेल तर फाईल वनड्राइव्हला न जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. तिथे अशी हिस्टरी नसते.

गूगल शीट तर या कामाला अगदीच कुचकामी. तिथे 'फाईल'मध्ये 'व्हर्जन हिस्टरी' आयती असते, सेलवर उजवी क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' दाबलं तर त्या एकाच चौकोनात कोणी काय बदललं तेही दिसतं. यावर उपाय असा, की 'मेक अ कॉपी' करून नवी शीट घ्यायची आणि मूळ शीट उडवायची. नव्या प्रतीबरोबर जुना इतिहास येत नाही. शिवाय सगळ्यांना नुसती बघण्याची परवानगी द्या, म्हणजे हिस्टरी त्यांना दिसणारच नाही.

एक्सेलमध्ये 'सेव्ह ॲज'च्या खिडकीत 'टूल्स', 'जनरल ऑप्शन्स', 'ऑलवेज क्रिएट बॅकअप' अशी एक खूण असते. ती केली की प्रत्येक सेव्हला आधीची प्रत 'बॅकअप ऑफ' अशा नावाने शेजारी राहते. करू नका.

विंडोजची 'फाईल हिस्टरी'ही बंद ठेवा. नाहीतरी ती आपणहून चालू नसते. चालू करून बाहेरची हार्डडिस्क लावली तर दर तासाला प्रत निघते, आणि मग फाईलवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये गेलं की काल सकाळची फाईल समोर. भुताटकी नुसती.

आता मुख्य कौशल्य. चूक लक्षात येते तो क्षण फार नाजूक असतो, कारण त्या क्षणी जुने आकडे बहुतेक वेळा अजून हाताशी असतात. फाईल उघडी असेल तर कंट्रोल-झेड आहे. सेव्ह केल्यानंतरही चालतं, १०० पायऱ्या मागे नेतं. म्हणून सर्वांत आधी फाईल बंद करा. बंद केली की त्या पायऱ्या गेल्या. 'ऑटोरिकव्हर'च्या प्रतीही, ज्या काही बदललं नसेल तर आपोआप दर १० मिनिटांनी निघतात, फाईल रीतसर बंद केली की एक्सेल स्वतःच आवरून टाकतं. मग पुन्हा उघडा आणि पुन्हा सेव्ह करा. दोनदा करा. बॅकअपची ती एकुलती एक प्रत कोणी करून ठेवली असलीच, तर दुसऱ्या सेव्हला तिच्यातही यंदाचेच आकडे बसतात. मग रीसायकल बिन उघडून बघा. वर लिहून गेलेली फाईल तिथे कधीच पडत नाही, पण पाहण्यात वेळ छान जातो. मग फोल्डरमधली '~$' ने सुरू होणारी लपलेली फाईल सापडते, ती आशेने उघडा. १६५ बाइटची असते, तिच्यात फक्त फाईल उघडणाऱ्याचं नाव असतं, आंब्याचा एक डझनही नसतो. मग 'रिकव्हर अनसेव्ह्ड वर्कबुक्स' उघडून तिथे काही नाही म्हणून संतापा. अहो, ते सेव्ह न करता बंद केलेल्या फाईलसाठी आहे, तुम्ही तर चार वेळा सेव्ह करून बसलात! आणि शेवटी इंटरनेटवरून फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवा, तेही त्याच ड्राइव्हवर टाका. एक्सेल सेव्ह करताना आधी नवी तात्पुरती फाईल लिहितं, मग जुनी काढून नवीला तिचं नाव देतं. म्हणजे जुन्या हार्डडिस्कवर जुने आकडे नुसते पुसल्यासारखे पडून असतात, जोवर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही. आणि तुम्ही नेमकं त्या जागेवर लिहिता! वाचवायच्या वस्तूवर बसून ती शोधायची, हे जमायलाही अक्कल लागते. हार्डडिस्कऐवजी नव्या धाटणीची एसएसडी असेल तर तेवढेही कष्ट नकोत, ती मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करते.

मेमधल्या वळवात लाइट जाणारच. यूपीएस घेऊ नका.

व्हॉट्सॲपकडे मात्र चुकूनही बघू नका. हंगाम संपताना तीच फाईल कोणीतरी गटावर पाठवलेली असते, ती फोनमध्ये 'व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स'च्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी पडून असते. ज्याने पाठवली त्याच्या 'सेंट'मध्येही असते. ईमेलला जोडलेली असेल तर तीही तशीच. आमची त्यातूनच निघाली.

बरं, आता थट्टा पुरे.

त्या शीटमध्ये कोणाच्या किती पेट्या कुठल्या दलालाकडे गेल्या, भाडं-हमाली किती कापली, कोणाची पट्टी (दलालाकडून येणारा विक्रीचा हिशोब) यायची राहिली, कोणी किती उचल घेतली, एवढं सगळं होतं. पावसाआधी ज्याचा हिशोब झाला नव्हता त्याने आता काय दाखवायचं? तुमचं पुसून झाल्यावर मथळ्यात गेलं साल तसंच, पेट्यांच्या रकान्यात यंदाचे आकडे, आणि खाली एका ओळीत 'उचल १५,०००' पुसायची राहिलेली. ज्याने यंदा दमडी घेतली नाही त्याच्या नावावर! तो माणूस भर बैठकीत चोर ठरला असता.

फाईल एकट्याची नाही, वीस घरांची आहे. कोरा नमुना हवा तर एकदा बसून कोरा नमुना करून ठेवा, एक्सेल टेम्प्लेट म्हणूनच सेव्ह करा. म्हणजे उघडताना दरवेळी नवी फाईल उघडेल आणि जुनीवर हात पडणारच नाही. हंगाम संपला की ती फाईल 'रीड-ओन्ली' करा, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन ड्राइव्हवर. आणि चूक झालीच तर हात बाजूला घ्या. सेव्ह नको, बंद नको, रीस्टार्ट तर नकोच. ज्याला कळतं त्याला फोन करा, लाज वाटून घेऊ नका.

आणि बैठकीत विचारल्यावर 'कोणी केलं काय माहीत' म्हणून छताकडे बघू नका. 'फाईल', 'इन्फो', उजवीकडे खाली 'लास्ट मॉडिफाइड बाय'. तिथे नाव लिहिलेलं असतं, आम्ही सगळ्यांनी वाचलंय.